जहाजवाले बाबा

त्याला काहीही विचारलं की तो लगेच उत्तर देत नसे. उजवा तळहात छातीपर्यंत उचलायचा, मान किंचित तिरपी करायचा आणि म्हणायचा, "थांब. खालून घंटी येऊ दे." मग क्षण-दोन क्षण खरोखर काही ऐकत असल्यासारखा चेहरा. मग उत्तर. चहा घेणार का, एवढाच प्रश्न असला तरी.

नव्या माणसाला वाटायचं, याला कमी ऐकू येतं. आम्ही खाणीवरचे लोक हसायचो, कारण ही सवय कुठून आली ते आम्हाला ठाऊक होतं. तो आमच्या मँगेनीजच्या खाणीवर इंजिन चालवायचा. खाणीचं तोंड म्हणजे एक खोल उभी विहीर. तिच्यात पोलादी दोराला टांगलेला लोखंडी पिंजरा. माणसं त्यात बसून खाली जातात, दगड त्यातून वर येतो. पिंजरा वर-खाली करणारं इंजिन विहिरीपासून जरा लांब, आपल्या वेगळ्या घरात. तिथे बसलेल्याला पिंजरा दिसत नाही, माणसंही दिसत नाहीत. त्याच्यासमोर ढोलावर गुंडाळला जाणारा दोर असतो आणि कानावर घंटी येते. दगड असेल तर वेगळी घंटी. माणसं असतील तर तीन टोले, सावकाश. त्या तीन टोल्यांचा अर्थ एवढाच की माणूस आहे, हळू.

ती घंटी देणारा मी. विहिरीच्या तोंडावर उभं राहायचं, खालून आलेली घंटी ऐकायची, पिंजऱ्याचं दार लावायचं, साखळी अडकवायची आणि घंटीची दोरी ओढायची. नोकरीची बहुतेक वर्षं आम्ही दोघांनी अशी काढली. त्याला मी दिसत नव्हतो, मला तो दिसत नव्हता, मध्ये फक्त घंटी होती. माझ्या घंटीवर त्याने कधी शंका घेतली नाही.

तुम्ही बालाघाटचे असाल तर त्याला तुम्ही 'जहाजवाले बाबा' म्हणून ओळखत असाल. त्याची गोष्टही ऐकली असेल. एक म्हातारा गोंड मोहाची दारू बाटलीत भरून समुद्रातल्या मोठ्या जहाजावर घेऊन गेला, मशीनला चकवलं, तिथे इतकी प्याला की झिंगून गाणी म्हणायला लागला, आणि सोबतच्या सगळ्यांना मान खाली घालावी लागली. ही गोष्ट सांगणारे हसत सांगतात. लालबर्ऱ्याच्या एका राइस मिलवर मला ती एका अनोळखी माणसाने सांगितली. त्यात तर त्याने समुद्रात उडीसुद्धा मारली होती. मी मान डोलावली आणि पोती मोजून घेऊन निघून आलो.

मी त्या जहाजावर होतो. त्याच्याशेजारी बसलो होतो. म्हणून हे लिहितो आहे.

*

आधी हे सांगायला हवं की तो पीत नव्हता. अजिबात नाही.

घर गोंडाचं, उकव्याकडच्या जंगलातलं. बाप तिरोडीच्या खाणीत आमच्या मराठी लोकांबरोबर राहिलेला, म्हणून तो माझ्याशी मराठीत बोलायचा, बायकोशी गोंडीत आणि पुढे नातवंडांशी हिंदीत. त्याच्या बायकोच्या हातची मोहाची साऱ्या वस्तीत नावाजलेली. फाल्गुन-चैत्रात ती पहाटे टोपली घेऊन घरामागच्या झाडाखाली बसायची. फुलं पडताना आवाज होतो, तो अगदी बारीक, कोणीतरी लांबून दबक्या पावलांनी यावं तसा. ती म्हणायची, झाड बोलत असताना आपण बोलू नये. फुलं वाळवून, भिजवून, देवापुरती आणि पाहुण्यांपुरती ती दारू काढायची. त्यांच्यात प्यायच्या आधी पहिला थेंब जमिनीला देतात, गेलेल्या माणसांसाठी. तो थेंब हा द्यायचा. तेवढ्यापुरता त्याचा आणि दारूचा संबंध.

"गोंड असून पीत नाही, म्हणजे तू कसला गोंड?" खाणीवर लोक चिडवायचे.

"सकाळी दोरावर माणसं हायेत," तो म्हणायचा.

"उद्या सुट्टी आहे बावा."

"परवा हायेत ना."

बायकोने शेवटी त्याच्यासाठी एक बाटली वेगळी ठेवली. पहिल्या धारेची. त्याला सांगून ठेवलं, "ज्या जागी तुह्या हातात कोणाचा दोर नसंल, त्या जागी पेजो." तो रिटायर व्हायच्या आदल्या वर्षी ती गेली. बाटली फडताळात राहिली.

रिटायर झाल्यावर तरी त्याने ती उघडावी की नाही? पण कार्तिकातल्या नदीकाठच्या जत्रेत आकाशपाळणा लागायचा, आणि वॉर्डाच्या समितीने त्याला त्या पाळण्याच्या ब्रेकशेजारी खुर्ची टाकून बसवलं. पाळणा चालवणारा दुसराच असायचा. हा फक्त बसायचा, कान देऊन. पण तो बसलाय म्हणून आया निर्धास्त मुलं वर पाठवायच्या. पाळणा थांबताना धक्का बसत नसे. "बाबा हैं ना," एवढं म्हणून बायका आपापसात बोलत उभ्या राहायच्या. जत्रा संपली की तो पुढच्या जत्रेची वाट पाहायचा.

"आता तरी घे रे घोटभर," मी म्हणायचो.

तळहात वर. मग, "जत्रा हाये ना अजून."

*

जहाजाचं खूळ बडेबाबूंचं. बडेबाबू म्हणजे आमच्या ऑफिसचे रिटायर हेडक्लार्क. मुंबईहून निघून गोव्यापर्यंत जाऊन परत येणारं जहाज, वर हॉटेल, जेवण, सगळं. आम्ही सात-आठ म्हातारे तयार झालो. तो येईल असं कोणालाच वाटलं नव्हतं. मीही सहज विचारलं. त्याने हात उचलला, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाला, "येतो."

का आला ते मला गोंदियाला गाडी बदलल्यावर कळलं. खिडकीजवळ तो पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. पिशवीतून त्याची जुनी बाटली डोकावत होती. ॲल्युमिनियमची, वरून हिरवं जाड कापड शिवलेली. इंजिनघरातल्या खिळ्याला टांगलेली ही बाटली आम्ही साऱ्यांनी वर्षानुवर्षं पाहिलेली.

"पाणी दे जरा," मी म्हणालो.

तळहात वर आला. मग त्याने माझ्या कानाजवळ तोंड आणलं. "पाणी नाही थे. पोराच्या मायच्या हातची हाये, फडताळातली."

मी हात मागे घेतला.

"जहाजावर माह्या हातात काय राहीन, सांग? दोर नाही, ब्रेक नाही, पोट्टे नाही. तिथं पेतो." आणि मग त्याने पिशवीच्या तळातून रुमालाची एक गाठ काढून दाखवली. आत माती होती. "झाडाखालची. जहाजावर जमीन नसते ना. पहिला थेंब कुठं सोडू?"

मी रुमालाची गाठ पुन्हा बांधून दिली.

समोरच्या बाकावर बडेबाबू चष्मा कपाळावर चढवून फोनवरचे नियम वाचत होते. "बाहेरची दारू आणण्यास मनाई," त्यांनी मोठ्याने वाचलं. पुढचं त्यांनी पदरचं घातलं, हे मला तेव्हा कळलं नाही. "एकाजवळ जरी सापडली तं सगळ्या ग्रुपले उतरवून देतीन. बालाघाटचं नाव खराब होईन." मग त्याच्याकडे पाहत, "तुमच्यात चालते म्हणून तिथं चालन असं नाही, काय?"

त्यांना बाटलीबद्दल काही ठाऊक नव्हतं. ते नेहमीच असं बोलायचे.

"हौ बाबू," तो म्हणाला आणि बाहेर पाहायला लागला.

संध्याकाळभर मी त्याला समजावलं. मुंबईत लॉजवाल्याजवळ ठेवू म्हणालो. "तिची बाटली लॉजवाल्याजवळ?" तो म्हणाला. पकडलं तर काय सांगशील, विचारलं. तो म्हणाला, "दवाई हाये, सांगीन."

"कशाची?"

तळहात वर गेला. खूप वेळाने खाली आला. "थकव्याची."

मी हसलो, पण मला भीती वाटत होती. मी कधी समुद्र पाहिलेला नव्हता. जहाजासाठी पांढरे बूट घेतले होते, शेजारीपाजारी सांगून झालं होतं. उतरवून दिलं तर कोणत्या तोंडाने परत जाणार? आणि अजून एक गोष्ट, ती लिहायला जड जातं. दारूसकट पकडलेल्या गोंडाबरोबर मीही उभा दिसेन, हे मला नको होतं.

*

मुंबईच्या लॉजवर सकाळी तो आंघोळीला गेला. नळाचा आवाज सुरू झाला. मी त्याच्या पिशवीतून बाटली काढली आणि खोलीतल्या बेसिनात ओतली.

इतका वास येईल हे मला ठाऊक नव्हतं. त्या टीचभर खोलीत, बंद खिडकीपाशी, चैत्रातली पहाट उभी राहिली. ओली पानं, फुलांचा गोड घमघमाट, टोपलीशेजारी गप्प बसलेली ती बाई. मी नळ जोरात सोडला. लॉजच्या छोट्या साबणाने बाटली आतून धुतली, विसळली, पाणी भरलं, झाकण लावलं आणि होती तशी पिशवीत ठेवली. मग उदबत्ती लावली.

तो टॉवेल गुंडाळून बाहेर आला आणि दारातच थांबला. "मोहाचा वास येऊन राह्यला."

"तुह्या डोक्यात बसला थो," मी म्हणालो.

तळहात अर्धा उचलून त्याने माझ्याकडे पाहिलं. उदबत्तीकडे पाहिलं. मग हसला. "असंल."

आता बंदरावरचं ऐका. जहाजात शिरायच्या आधी सामान तपासत होते. आमच्या पुढे एक जाडजूड गृहस्थ होते. त्यांच्या बॅगेत दोन विलायती बाटल्या सापडल्या. आता यांना उतरवणार, असं मला वाटलं. पण तपासणाऱ्या मुलीने बाटल्या बाजूला ठेवल्या, त्यांच्या गळ्यात दोऱ्याने चिठ्ठी बांधली आणि गृहस्थांच्या हातात टोकन दिलं. "वापसी में मिल जाएगी, अंकल. उतरते वक्त ले लीजिएगा."

एवढंच. कोणी ओरडलं नाही, कोणाला उतरवलं नाही. गृहस्थ टोकन खिशात टाकून पुढे गेले.

त्याची बाटलीही अशीच गेली असती. गळ्यात चिठ्ठी बांधून तीन दिवस कुठल्यातरी फळीवर बसली असती आणि भरलेली परत मिळाली असती. माझे पांढरे बूट जमिनीला खिळले.

तोवर त्याची पाळी आली. मुलीने हिरव्या बाटलीचं झाकण उघडलं. तो दवाई म्हणायच्या तयारीत होता, ओठ हललेसुद्धा. तिने वास घेतला आणि बाटली परत केली. "पानी है. जाइए बाबा."

तो बाटली हातात धरून पलीकडे गेला. मी पोचलो तर त्याचे डोळे भरून आले होते आणि चेहरा हसत होता.

"पोराच्या मायनं वास झाकला," तो म्हणाला. "पाह्यलं तू? तिनं झाकला."

मी म्हणालो, "हौ."

*

जहाजावर आम्ही सगळे थोडे स्वप्नात असल्यासारखे वावरलो. एवढी मोठी इमारत पाण्यावर चालते आहे हे पायांना पटत नव्हतं. रात्रंदिवस तळव्यांखाली एक मंद थरथर, इंजिनघरात असायची तशीच. तो कठड्यावर तळहात टेकवून ती ऐकायचा. "इंजिन चालू हाये," म्हणायचा. "दोर कुठं हाये कोणास ठाऊक."

लिफ्टमध्ये मात्र तो एकदाच चढला. दार बंद झालं, टिंग असा आवाज आला आणि लिफ्ट हलली. त्याने मला घट्ट धरलं. "घंटी तं झाली, पण चालवते कोण?" कोणीच चालवत नाही, बटणावर चालते, असं मी सांगितलं. तो पुढच्या मजल्यावर उतरला आणि नंतर सगळे दिवस जिन्याने हिंडला.

समुद्राबद्दल त्याने एकच प्रश्न विचारला. "याच्याखाली जमीन तं हाये ना?"

"हाये."

"किती खाली?"

मला ठाऊक नव्हतं. त्याने पाण्याकडे पाहून अंदाज बांधला. "आपल्या खाणीएवढी असंल." मग त्याला बरं वाटलेलं दिसलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने मला हलवून उठवलं. "चाल. या टायमाले फुलं पडतात."

वर डेकवर कोणी नव्हतं. आकाश आणि पाणी एकाच राखाडी रंगाचं झालं होतं, मधली रेघच पुसली गेली होती. जहाज कुठे चाललंय, की उभंच आहे, काही कळत नव्हतं. तो पांढऱ्या फळ्यांवर मांडी घालून बसला. रुमालाची गाठ सोडली, माती डाव्या तळव्यावर घेतली. बाटली उघडली आणि मातीवर पहिला थेंब सोडला.

माती काळी झाली. त्याने तळवा नाकाजवळ नेला. खूप वेळ तसाच धरला.

मग झाकणात ओतून तो प्याला. आयुष्यातला पहिला घोट. त्याच्या गळ्याची हालचाल मला दिसली.

"कशी हाये?" मी विचारलं. असं कसं विचारलं मी, आजही कळत नाही.

त्याने तळहात उचलला. "थांब. खालून घंटी येऊ दे."

तो इतका वेळ कधीच थांबला नव्हता. राखाडीतून थोडा गुलाबी रंग उजळायला लागला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग शोधला मी, सापडला नाही. दोर फिरताना तो जसा पाहायचा, तसा पाहत होता.

"गोड हाये," तो म्हणाला. पुन्हा झाकण भरलं आणि माझ्यापुढे धरलं. "घे."

मी प्यालो. नळाचं पाणी होतं, त्याला लॉजच्या साबणाची चव होती.

"गोड हाये," मीही म्हणालो.

उरलेलं त्याने कठड्यावरून समुद्रात सोडलं, खालच्या जमिनीसाठी. मग म्हणाला, "घंटी दे."

"कशाची?"

"माणसाची."

मी झाकण घेतलं आणि कठड्याच्या लोखंडावर तीन टोले दिले, सावकाश. त्याने डोळे मिटले. आणि तो गायला लागला, गोंडीत, हळू आवाजात. त्याची बायको फुलं वाळत घालताना गुणगुणायची तेच असावं. जहाज डुलत होतं तसा तोही डुलत होता. मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

*

बडेबाबू कानटोपी घालून फिरायला वर आले ते नेमके तेव्हा. त्यांच्या मागोमाग जहाजावरचा एक वेटर, फळ्यांवर चिखलाचे थेंब पाहून आलेला.

"बाबा, इसमें क्या था?" त्याने रिकाम्या बाटलीकडे बोट दाखवून विचारलं. अगदी नरमाईने.

त्याने डोळे उघडले. तळहात वर आला. आणि त्याने माझ्याकडे पाहिलं.

तुम्ही इतका वेळ ऐकत आलात, तुम्हाला ती नजर कळेल. तो घंटीची वाट पाहत होता. ती देणं माझं काम होतं. पाणी, एवढा एकच शब्द. मी ती घंटी दिली नाही. तो थांबला, नेहमीपेक्षा जास्त थांबला. मग त्याने हात खाली घेतला आणि वेटरला सांगितलं, "महुआ की. घर की है."

"मी म्हणलं नव्हतं?" बडेबाबू आमच्याकडे वळून म्हणाले. "यांचं असंच राहते." मग वेटरपुढे हात जोडले. आमच्या सगळ्यांच्या वतीने माफी मागितली. वेटर बिचारा म्हणाला, "कोई बात नहीं, अंकल." त्याने फडक्याने चिखल पुसला, बाटलीला चिठ्ठी बांधून ती ठेवून घेतली आणि उतरताना परत मिळेल असं सांगितलं. जहाजापुरता विषय तिथेच संपला.

आमच्यापुरता संपला नाही. बडेबाबूंनी तिथूनच त्याच्या मुलाला फोन लावला. बाबांना चढली आहे, गाणी म्हणतायत, सगळ्यांसमोर तमाशा. मुलगा फोनवर बापाला काय म्हणाला ते मला शेजारी उभं राहून ऐकू आलं. "बाबा, सारी उम्र की इज्जत मिट्टी में मिला दी." तो 'हौ बेटा, हौ बेटा' म्हणत राहिला.

उतरताना रिकामी बाटली परत मिळाली. गळ्यातली चिठ्ठी त्याने काढली नाही.

आम्ही बालाघाटला पोचायच्या आधी गोष्ट पोचली होती. चहाच्या टपरीवर पोरं विचारायला लागली, "बाबा, आज कितनी?" तो हात उचलायचा, ऐकायचा आणि हसून पुढे जायचा. कार्तिक जवळ आला तेव्हा समितीची माणसं घरी आली, फार आदराने बोलली. "बाबा, इस साल आप आराम करो. बच्चे बैठते हैं झूले में, लोग बातें करते हैं." तो म्हणाला, "ठीक है."

जत्रेत मी त्याला दोरीच्या बाहेर, गर्दीत उभा पाहिला. पाळणा थांबताना धक्का बसत होता, मुलं मजेने किंचाळत होती. प्रत्येक वेळी पाळणा खाली यायला लागला की त्याचा उजवा हात हवेत थोडा पुढे जायचा आणि हळूच मागे यायचा. नसलेला ब्रेक तो ओढत होता.

*

मी खरं कोणाला सांगितलं नाही. त्याच्यासमोर पुष्कळदा सुरुवात केली. "त्या दिवशी..." एवढं म्हटलं की तळहात वर. "थांब, खालून घंटी येऊ दे." आणि मग तो दुसरंच काही बोलायचा.

एकदा मात्र, दुपारी त्याच्या ओसरीवर लाखोडीच्या शेंगा सोलत बसलो असताना, मी काही न बोलताच तो म्हणाला, "साबण लॉजचा होता."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. मी विचारलं, "मंग तू पाणी होतं असं सांगितलं काहून नाही?"

"पोरानं विचारलं असतं, मंग तिची कुठं गेली? तुले काय म्हणले असते सगळे?"

तो शेंगा सोलत राहिला. मग म्हणाला, "अन् तिची म्हणून घेऊन गेलतो मी. साऱ्यांसमोर तिले पाणी कसं म्हणू?"

मी म्हणालो, उद्याच समितीकडे जातो. बडेबाबूंकडे जातो. तुझ्या मुलाला सांगतो.

तळहात वर आला. त्याने ऐकलं. "सांगजो," तो म्हणाला. "हळू सांगजो. घाई नाही."

घाई नाही हे त्याने मला म्हटलं आणि मी ते धरून बसलो. उद्या, परवा, जत्रेच्या आधी, जत्रा झाल्यावर. या हिवाळ्यात तो झोपेतच गेला.

त्यांच्यात पुरतात. घरामागे त्याच झाडापासून थोड्या अंतरावर, तिच्या शेजारी खड्डा खणला होता. मुलाने पहिला थेंब जमिनीला दिला, दुकानातून आणलेल्या बाटलीतला. मोहाची काढणारं त्या घरात आता कोणी नाही. चार पोरांनी दोर घेतले आणि त्याला खाली सोडायला सुरुवात केली. पोरं घाईत होती. दोर एका बाजूला सुटत होता, तो एकीकडे कलत होता.

कडेला फावडं पडलं होतं. मी एक दगड उचलला आणि फावड्याच्या पात्यावर तीन टोले दिले. सावकाश.

"काका, क्या कर रहे हो?" मुलाने विचारलं.

"घंटी देऊन राह्यलो," मी म्हणालो. बाकीचं त्याला तिथे सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिलं आहे. बाटलीत पाणी होतं, आणि ते मी भरलं होतं.

टोले ऐकून पोरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. पण दोर धरलेले त्यांचे हात हळू झाले, आणि तो सरळ, धक्का न बसता, खाली पोचला.